झाडं कुठली होती?

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही चार मित्र कसोलला गेलो होतो. आयटीतल्या पोरांनी कसोलला जायचं असतं, त्याप्रमाणे. तिथे पार्वती नदीवरचा झुलता पूल ओलांडला की पलीकडच्या काठाने झाडीतून एक पायवाट छलाल नावाच्या गावाला जाते. अर्ध्या तासाची वाट. ट्रेक म्हणावा इतकीही नाही. पण नदी एका बाजूला, उंच झाडं दुसऱ्या बाजूला, आणि ऑफिसचा लॅपटॉप कल्याणला. परत आल्यावर मी त्यावर लेख लिहिला आणि मित्रमंडळींत पाठवला. बऱ्याच जणांनी बदाम दिले. एकाने ‘वाचताना तिथेच असल्यासारखं वाटलं’ असंही लिहिलं.

मग तो लेख मी बाबांना फोनवर अक्षरं मोठी करून वाचायला दिला. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे दवाखाना सोडला तर ते सहसा खाली उतरत नाहीत. लहानपण टिटवाळ्याजवळच्या खेड्यात गेलेला, नदीच्या काठाकाठाने मैलोन्‌मैल चाललेला माणूस. त्यांनी अर्धा तास लावून लेख वाचला, चष्मा काढला आणि विचारलं,

“छान आहे. झाडं कुठली होती?”

“पाइन.”

“म्हणजे सुरूसारखी का रे? अलिबागला असतात तसली?”

“हो, तसलीच.”

“आणि नदीचं पाणी कुठल्या रंगाचं?”

“निळसर. म्हणजे हिरवट. स्वच्छ होतं एकदम.”

“बरं,” म्हणाले आणि फोन परत दिला.

कोड रिव्ह्यूत एखादा सीनियर सगळं वाचून नुसतं ‘ओके’ लिहितो तेव्हा पोटात जे होतं, तेच झालं. रात्री मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून माझ्याच लेखातले शब्द मोजले. सवय असते, दुसरं काय. सुमारे तेराशे शब्दांच्या लेखात ‘हिरवागार’ नऊ वेळा, ‘निसर्ग’ आणि त्याची पिलावळ (निसर्गरम्य, निसर्गसौंदर्य, निसर्गाची किमया) चौदा वेळा, ‘स्वर्ग’ चार वेळा. ‘पाइन’ दोनदा, त्यातलं एकदा शीर्षकात. दुसऱ्या कुठल्याही झाडाचं नाव नाही. पक्षी होते, पण ते ‘पक्ष्यांचा किलबिलाट’ एवढेच. वासाविषयी एक शब्द नाही. नदी ‘खळाळत’ होती. जिला दगडांवर आपटताना ऐकून आम्हांला एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं, ती.

म्हणजे ज्याला चालता येत नाही अशा एका माणसाने माझ्या लेखातून चालायचा प्रयत्न केला, आणि त्याला पाय टेकवायला जागाच मिळाली नाही.

मग फोटो काढून बसलो. झूम करून. सूचिपर्णी झाडं ओळखायची एक सोपी पद्धत आहे, ती तेव्हा माहीत असती तर जागेवरच करता आली असती: सुया मोजायच्या. एका झुबक्यात तीन लांब सुया असतील तर तो चीड. पाच असतील, बारीक आणि खाली लोंबणाऱ्या, तर तो कैल. आणि आखूड सुयांचा गोल तुराच असेल, एका बिंदूतून फुटलेल्या वीस-तीस सुया, तर तो देवदार. माझ्या फोटोंत बहुतेक देवदार निघाले, मधे मधे कैल. देवदार पाइनच्याच कुळातला, पण पाइन नव्हे. म्हणजे शीर्षकही चुकलं होतं. आणि सुरू? सुरूचा या सगळ्यांशी काही संबंधच नाही. सुरूच्या ज्या ‘सुया’ दिसतात त्या सुया नसून हिरव्या काड्या असतात. त्यांचं एकेक पेर ओढून सुटं करण्याचा खेळ आपण सगळ्यांनीच समुद्रकिनाऱ्यावर केलेला आहे. खरी पानं त्या पेरांच्या सांध्यावर, खवल्यांएवढी. मी बाबांना ‘तसलीच’ म्हणालो होतो.

आणखी एक गोष्ट मला नंतर सुचली, तिने जास्त लाज वाटली. ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात एक देवदार आहे. दिलीप राजाला सिंह सांगतो की समोरचं हे झाड शंकराने मुलगा मानलेलं आहे आणि पार्वतीने स्वतः पाणी घालून वाढवलंय. एकदा एका रानहत्तीने अंग खाजवण्यासाठी गाल घासला आणि झाडाची साल निघाली, तर पार्वतीला पोटच्या पोराला जखम झाल्यासारखं दुःख झालं. तेव्हापासून राखणीला हा सिंह. मी पार्वती नावाच्या नदीच्या काठी देवदाराला बॅग टेकवून सेल्फी काढला होता. त्या झाडावर एका कॅफेची पाटी होती, खिळ्यांनी ठोकलेली. खिळ्याभोवती राळ ओघळून घट्ट झाली होती. फोटो टाकताना पाटी कापायची म्हणून मी फोटो क्रॉप केला होता. दीड हजार वर्षांपूर्वीच्या दरबारी कवीला झाडाची सोललेली साल दिसली. मला ती दिसली आणि मी ती काढून टाकली.

इथपर्यंत ही माझी खाजगी फजिती आहे. पण स्क्रिप्ट हाताशी होती, म्हणून मी गेल्या काही वर्षांत वाचलेले, सेव्ह करून ठेवलेले मराठी भटकंतीचे लेख काढले. हरिश्चंद्रगड, कास, देवकुंड, आंबोली, कुणाचं मनाली, कुणाचं स्वित्झर्लंड. आकडे देत नाही, ते काही संशोधन नव्हतं. पण वाचताना मजा वाटेनाशी झाली. सगळीकडे धरतीने तोच हिरवा शालू नेसलेला. तीच धुक्याची दुलई, तेच दुधाळ धबधबे, तीच मुक्तहस्ते उधळण. जागांची नावं अदलाबदल केली तरी लेख चालतील. आमच्या भाषेत याला बॉयलरप्लेट म्हणतात: प्रत्येक प्रोजेक्टच्या सुरुवातीला न वाचता चिकटवायचा तयार मजकूर. बॉयलरप्लेटला मी नावं ठेवणार नाही, माझी रोजीरोटी त्यावर चालते. तो कुठून येतो तेही माहितेय. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधाला दहापैकी आठ मार्क कशाने मिळतात हे सातवीतच कळतं. शालू लिहिला की मिळतात. शाळेच्या मागे उगवलेल्या टाकळ्याचं नाव लिहिलं तर बाई विचारतात, हे काय मधेच.

‘भटकंतीचे ब्लॉग म्हणजे साहित्य नव्हे, त्यांना कशाला एवढी शिक्षा’ असं कुणी म्हणेल. पण माझ्या पिढीतले बहुतेकजण मराठीत जे काही निसर्गाविषयी वाचतात ते हेच. ज्या भाषेत आपण वाचतो त्याच भाषेत आपण बघतो, निदान मी तरी. छलालच्या वाटेवर माझ्या डोक्यात ‘हिरवागार’ हा शब्द झाडाच्या आधी पोचला होता, म्हणून झाडाकडे बघायची गरजच पडली नाही.

याची खरी परीक्षा कसोलला होत नाही. तिथे ‘स्वच्छ निळं पाणी’ खपून जातं. परीक्षा घराजवळ होते. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी मी गांधारी पुलापाशी उतरलो आणि उल्हास नदीच्या काठाने वरच्या दिशेला चालायला लागलो. बाबांची नदी म्हणजे खरं तर काळू. पण काळू कल्याणजवळ उल्हासलाच मिळते, म्हणजे पाणी शेवटी एकच.

सलग पायवाट नाही. कुठे शेताचा बांध, कुठे वीटभट्टीची राख, कुठे कुंपण आलं की परत रस्त्यावर. बाभळी, एरंड, बेशरम. आणि मग एका वळणावर नदी दिसली, म्हणजे दिसली नाही. काठापासून काठापर्यंत हिरवागार गालिचा.

मी तिथे थांबलो, कारण वाक्य आपोआप तयार झालं होतं आणि ते अक्षरशः खरं होतं. हिरवागार गालिचा. त्यावर जांभळ्या फुलांची मुक्तहस्ते उधळण. पांढरे बगळे त्यावरून ऐटीत चालतायत, नदीवरून चालतायत. कास पठाराच्या लेखातला परिच्छेद उचलून इथे ठेवला असता तर एक शब्द बदलावा लागला नसता.

ती जलपर्णी होती. दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणून जगभर नेली गेलेली वनस्पती. तिच्या देठाचा खालचा भाग फुगलेला असतो, आत स्पंजासारखा पोकळ, हवेने भरलेला. दाबला की फुसकन बसतो. त्यावर ती तरंगते. फूल जवळून बघितलं तर फारच सुंदर आहे: फिकट जांभळ्या सहा पाकळ्या, त्यांतल्या सगळ्यांत वरच्या पाकळीवर निळ्या कडेचा पिवळा ठिपका, मोरपिसावर असतो तसा. तिला सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद आवडतं. शहरं नदीत जितकं सोडतील तितकी ती वाढते. पाण्यावर झाकण बसलं की खाली उजेड पोचत नाही, हवा मिसळत नाही, कुजणारी पानं उरलासुरला प्राणवायू खातात. पावसाळ्यात पुराबरोबर वाहून जाते, पाणी उतरलं की पुन्हा पसरायला लागते. याच नदीतून आसपासच्या शहरांना पाणी जातं.

म्हणजे आपल्या निसर्गवर्णनाच्या भाषेला कुरण आणि आजार यांतला फरक कळत नाही. हे मला त्या काठावर उभं राहूनच कळलं, आणि थोडं हसूही आलं.

नदीच्या या रूपाबद्दल मराठीत लिहिलं जात नाही असं अजिबात नाही. वालधुनीबद्दल तर वर्षानुवर्षं लिहिलं जातंय. अंबरनाथचं शिवमंदिर, ज्याच्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० आहे, त्याच्या कुशीतून ही नदी वाहते आणि उल्हासनगरमधून पुढे येताना निळी, काळी, लाल होते. बातम्यांत ती येते, याचिकांत येते, प्रदूषणाचे आकडे येतात. ते लिहिणाऱ्यांमुळेच जे काही थोडं हलतं ते हलतं. पण त्या गद्यात कुणी चालत नाही. तिथे पाण्याला नमुना क्रमांक असतो, काठ नसतो. थोडक्यात आपल्याकडे नदीसाठी दोन मराठ्या आहेत. एक सुट्टीची, जिला फक्त देखणं दिसतं. दुसरी तक्रारीची, जिला फक्त घाण दिसते. बगळा पहिलीत असतो, फेस दुसरीत. माझ्यासमोर बगळा फेसात उभा होता.

या अडचणीत मी तीन जुन्या पुस्तकांकडे गेलो. तीनही घरातच होती, आईच्या कपाटात.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, १९५६ सालचं. चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख. मला वाटलं होतं की हेच शालू-गालिच्याचं मूळ असेल, कारण भाषा अलंकारिक आहे, संस्कृत ओथंबलेली, आणि आपल्या पिढीला पहिली दहा पानं जड जातात. पण जरा धीर धरला की लक्षात येतं, इथे विशेषण बघण्याच्या नंतर येतं. आधी झाड, त्याचं नाव, या महिन्यात त्याला काय झालंय ते, मग लोकांच्या गाण्यात ते कसं आहे, आणि मग उपमा. उपमा फुलोऱ्याला चिकटून असते, काढून दुसऱ्या झाडाला लावता येत नाही. आणि हे सगळं मुंबईसारख्या शहरात राहून. आदिवासी भागात काम करताना झालेल्या विषबाधेने ज्या बाईची वर्षं अंथरुणात गेली, तिला एका जागी राहून बघणं काय असतं ते माहीत होतं. मी ते पुस्तक बाबांच्या उशाशी ठेवलं. ते अजून वैशाखात आहेत. रोज पान-दोन पान.

दुसरं, गो. नी. दांडेकरांचं ‘माचीवरला बुधा’. यावर जरा जास्त बोलायचंय, कारण ते माझं आवडतं आहे आणि या वेळी मी त्याच्याशी भांडलो. मुंबई सोडून म्हातारपणी राजमाचीला परतलेला बुधा, त्याचं खोपट, कुत्रं, झाडं, पाऊस. गोनीदांकडे शब्द आहेत. गवताचे, वाऱ्याचे, उताराचे, बोलीतले, जे शहरात मिळत नाहीत. बुधाने झाडाला हात लावला की आपल्या तळव्याला साल लागते. माझ्या पार्वतीकाठच्या लेखात जे नव्हतं ते सगळं इथे आहे.

पण ‘बुधा’चा निसर्ग मुंबईकडे पाठ केली की सुरू होतो. शहर म्हणजे ज्यातून सुटायचं ते. आणि उल्हास नदी कुठे उगम पावते? राजमाचीच्या परिसरातल्या त्या दऱ्यांत. बुधाच्या माचीवर पडलेला पाऊस कड्यांवरून खाली येतो, कर्जत, नेरळ, बदलापूर करत इथे पोचतो आणि पुढे खाडीला मिळतो. १२२ किलोमीटरची नदी. कादंबरी वरच्या टोकाला थांबते. बुधाला थांबायचा हक्क आहे, त्याने आयुष्यभर मुंबईत कष्ट केलेत. पण आम्ही जे वाचक, ते खालच्या टोकाला राहतो. दर शनिवारी पहाटेच्या कर्जत लोकलने ‘बुधा’ व्हायला वर जातो आणि रविवारी रात्री परत येऊन त्याच पाण्याने आंघोळ करतो. सह्याद्रीच्या भटकंतीला पुस्तकांनी जी दीक्षा दिली, तिने नदीचा उगम पवित्र केला आणि नदीचं उरलेलं आयुष्य आमच्या नजरेतून घालवलं. कसोलपर्यंत जाऊन नदीकाठी चालावंसं वाटणं आणि शहाड-आंबिवलीमधल्या पुलावरून जाताना मोबाइलमधून मान वर न करणं, या दोन सवयी मला आता वेगळ्या वाटत नाहीत. हा आरोप एका कादंबरीवर टाकणं अन्याय आहे, हे कळतं. १९५८ साली खाली हे असं होणार आहे हे त्यांनी का लिहावं? तरी वाचताना मी पहिल्यांदाच बुधावर चिडलो, हे खरं.

तिसरं पुस्तक मी निसर्गासाठी उघडलंच नव्हतं. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख, वारीबरोबर पंढरपूरला चालत जाण्याचा. आता वाटतं, मला हवं असलेलं गद्य तेच आहे. बाई चालतायत. पाय दुखतायत, ओव्या कानावर पडतायत, बरोबरच्या बायकांचा लळा लागलाय, आनंदाने भरून येतंय. आणि त्याच वाटेवर त्यांना दिसतं की एकत्र चालणाऱ्या, एकत्र गाणाऱ्या दिंड्या जेवायच्या वेळी जातीजातीने वेगळ्या बसतात. त्यांना ते खुपतं, त्या तसं लिहितात. पण म्हणून आनंद रद्द करत नाहीत, आणि आनंदासाठी पंगती क्रॉप करत नाहीत. दोन्ही एकाच पायांनी चाललेलं आहे. त्यासाठी त्यांना दोन वेगवेगळ्या मराठ्या लागत नाहीत. समाजशास्त्रज्ञ बाईने माणसांबद्दल जे केलं ते नदीबद्दल का करता येऊ नये?

करून बघितलं. उल्हासच्या त्या रविवारावर दीड पान लिहिलं. नियम एकच ठेवला: ज्याचं नाव माहीत नाही त्याचा रंग, आकार, वास लिहायचा, ‘हिरवागार’ लिहायचं नाही. फार अवघड गेलं. पहिल्या मसुद्यात जलपर्णीचं फूल इतकं सुंदर उतरलं की नदी बरी आहे असं वाटावं. दुसऱ्यात वास इतका आला की फूल कुणाला दिसू नये. तिसऱ्यात एक मासे पकडणारा माणूस आला, जो खरंच होता. तो बांबूने जलपर्णी बाजूला सारून पाण्याचा एक चौकोन मोकळा करत होता, सतरंजीएवढा, आणि त्यात गळ टाकून बसत होता. ढकललेली जलपर्णी हळूहळू परत यायची. तो पुन्हा सारायचा. त्याला मी विचारलं, काय मिळतं? म्हणाला, “तिलापी. खायला नाही नेत आम्ही, इकतो.” हे वाक्य आल्यावर बाकीची बरीच विशेषणं काढून टाकता आली.

पार्वतीकाठचा लेखही दुरुस्त केला. देवदार, कैल, खिळे, राळ. पाणी: राखाडीत थोडं दूध मिसळल्यासारखं हिरवट, कारण बर्फाळ डोंगरांतून येताना ते खडकाची पूड बरोबर आणतं. ‘स्वच्छ’ हा शब्द खोडला. ते स्वच्छ होतं की नाही हे मला माहीत नाही. मी फक्त लांबून बघितलं होतं.

दोन्ही लेख बाबांना दिले. कसोलचा त्यांनी भरभर वाचला. “पाच सुया असतात होय,” एवढं म्हणाले. उल्हासचा मात्र दोनदा वाचला, मासेवाल्याच्या जागी थांबून हसले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, या वेळी रिव्ह्यू पास.

“रेल्वेच्या पुलापर्यंत नाही गेलास?”

“नाही. त्याच्या बराच अलीकडून परत फिरलो.”

“तिथे पुलाखाली तरी पाणी मोकळं आहे का?”

माहीत नव्हतं. रोज त्याच मार्गाने टिटवाळ्याहून ऑफिसला येणारा एक मित्र आहे, त्याला मेसेज केला. त्याने लिहिलं, ‘बघितलं नाही रे कधी. उद्या बघून सांगतो.’ सकाळी आठ बावीसला त्याचा फोटो आला. गाडीच्या दारातून काढलेला, हललेला. अर्ध्या फोटोत कुणाची तरी बॅग, अर्ध्यात हिरवं काहीतरी. बाबांनी तो दोन बोटांनी मोठा करून बघितला, फोन तिरका करून बघितला.

“यात काही कळत नाही,” ते म्हणाले. “तू चालत जाऊन ये.”